लंकाबाईचं कडं

पुणतांब्याच्या लंकाबाईला द्राक्षबागांत खोडाला कडं पाडायला बोलावतात. मणी ज्वारीएवढे झाले की खोडावरून सालीची बारीक पट्टी गोल काढायची. पानात झालेली साखर सालीतून खाली मुळांकडं उतरते. ती वाट महिनाभर अडवली की साखर घडाला मिळते. पातं लाकडात घुसलं तर वेल जातो. सालीचा एक धागा राहिला तर मेहनत फुकट. हात बसावा म्हणून तिनं पहिला अख्खा हंगाम छाटलेल्या काड्यांवरच पातं फिरवलं. पुढच्या पंधरा वर्षांत एकही वेल दगावला नाही.

यंदा कल्याणभाऊंच्या बागेत चार ओळी झाल्या आणि बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मावशी, चौथी ओळ मारली तुमी माझी! पानं पिवळी पडली. आता बाकीच्या ओळींना हात लावू नका."

ही गोष्ट गावभर झाली असती तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं. लंकाबाई हातातलं काम टाकून निघाली.

चौथ्या ओळीत पानं खरंच पिवळी पडून जाड झाली होती, कडा खाली वळलेल्या, पापडासारखी मोडत होती. तिनं एकेक कडं बोटानं तपासलं. सगळी साफ. वरच्या अंगाला साल फुगली होती, म्हणजे साखर तिथं अडली होती. शेंडे ताठ होते, म्हणजे लाकडातून पाणी चढत होतं. मग तिनं मान वर केली.

"भाऊ, ह्या येलावर घड किती?"

"सहा. मनी मोठं व्हावं म्हणून बाकीचे काढले."

"आन् तिसऱ्या ओळीत?"

"तिथं पंचवीस-तीस."

"तेच पातं, त्योच दिस, आन् तिथं पानं हिरवीगार. हितं खालची वाट मी बंद केली, वरची तुमी. पानानं साखर धाडायची कुठं? खानारं असंल तेवढंच पान रांधतं."

"मग आधी सांगायचं हुतं!"

"व्हय. ती चूक माझी. खोड बघितलं, घड न्हाई बघितले."

"जगतील का पर?"

"कडं नव्या सालीनं भरलं की वाट सुटंल. एक जरी मेला तर पातं खाली ठेवीन."

कल्याणभाऊ तिसऱ्या ओळीत जाऊन पानं चाचपून आले. "घ्या पाचवी," म्हणाले.

आता ती आधी घड मोजी, मगच खोडाशी बसे. अकरा वेलांतले तीन तिनं सोडले.

मागून कल्याणभाऊंनी विचारलं, "हे का ठेवले?"

"आठ घड," लंकाबाई म्हणाली आणि पुढच्या वेलाखाली गेली.