अरुणाकाकूंच्या पडद्यावरची बोअर

अरुणाकाकूंना कॉम्प्युटरमध्ये जमिनीखालचं पाणी दिसतं, अशी आमच्या सोसायटीत आवई होती. तळमजल्यावरच्या झुंबरकाकांनी तर गावाकडच्या मेव्हण्यासाठी विहिरीची जागाही विचारून ठेवली होती. काकूंना तसलं काही दिसत नव्हतं. जवळच्या खडोलीच्या एका सूत कारखान्यात त्या प्लॅनिंगला होत्या. आपण काय करणार ते मशीनला सांगायचं, पुढं काय होईल ते मशीन दाखवतं, एवढंच.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात सोसायटीची बोअर दमायला लागली. खालच्या टाकीतून पाणी ओढायला घरोघरी मोटार. काकू तिसऱ्या मजल्यावर. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, रोज चादरी धुवायच्या. बोअर आटली तर नोकरी सोडून नाशिकला परत, असं तिथल्या नवऱ्यानं फोनवर सांगून टाकलेलं. तेव्हा एका रविवारी काकूंनी कंपनीचा कॉम्प्युटर मागून आणला आणि सगळ्यांना पार्किंगमध्ये बसवलं.

"रोज मोटार किती वेळ लावणार, तेवढं बोला. खरं बोला." काकूंची ही नक्कल मी नाकातून करते तेव्हा आईसुद्धा हसू दाबायला तोंडावर पदर धरते.

प्रत्येकानं आकडा सांगितला. पडद्यावरची बोअरच्या पाण्याची हिरवी रेघ एप्रिलमध्येच तळाला टेकली.

"मशीन बिघडेल शे," झुंबरकाका त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे मशीनच बिघडलंय.

"झुंबरभाई, तमे तो नदी पी गया," पहिल्या मजल्यावरचे ललितभाई.

पुन्हा आकडे, पुन्हा भांडण, पुन्हा रेघ. शेवटी सगळ्यांनी इतकं कमी सांगितलं की रेघ पावसाळ्यापर्यंत तग धरून राहिली. टाळ्या झाल्या. झुंबरकाकांनी पडद्याला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "जिंकलात काकू. आता कोण लावतंय जास्त?"

"सगळे."

"पैज. हरले तर दोन बादल्या पाणी वर आणून देईन."

"लाव."

संध्याकाळी दारादाराशी कान देत निघाले. सांगितलेली वेळ उलटून गेली तरी झुंबरकाकांकडे मोटारीची घूंऽऽ. दार वाजवलं तर म्हणतात, "बाकीना तं बंद ठेवतस ना? मंग मी एकलानी लावी तं काय बिघडी?" ललितभाईंचंही तेच, फक्त गुजरातीत: "बेटा, बद्धा ओछुं ले छे, एटले आजे चालशे." घरी आले तर आईची मोटार चालू. "आजचाच दिवस गं," ती मान वर न करता म्हणाली.

काकूंनी आणखी सभा घेतल्या. पडद्यासमोर सगळे शहाण्यासारखे खेळायचे. इतके सरावले की विचारायच्या आधीच बरोबर आकडा सांगायचे. आणि शेजारी शहाणे झाले म्हणून निर्धास्त होऊन घरी जायचे. खेळ जसा सुधारत गेला तशी बोअर खाली गेली. एप्रिल संपायच्या आत नळ नुसती हवा खोकायला लागले.

काकूंचा टेम्पो आला त्या दिवशी मी टँकरवरून दोन बादल्या भरून तिसऱ्या मजल्यावर नेल्या. हमाल सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवत होते.

"तुम्हाला आधीच कसं कळलं होतं, काकू?"

"पहिल्या सभेवरनं वर आले आणि मीच मोटार जास्त लावली. चादरी साचल्या होत्या. म्हटलं, आज बाकीचे लावणार नाहीत."

त्यांनी बादल्यांकडे पाहिलं, मग घरात. भांडी बांधून टेम्पोत गेली होती. ओतायला काही नव्हतं.

"परत ने," त्या म्हणाल्या.

बादल्या घेऊन मी उतरले. पैज हरले ती हरलेच, फेडायचीही राहिली.