गप्प बसण्याचे काम

कार्डिफच्या इस्पितळात मी नोकरीची शेवटची वर्षे काढली. नव्वदचे दशक नुकतेच उजाडले होते आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत बदलत होती. व्याख्याने कमी झाली. त्याऐवजी सात-आठ मुलांचा एक गट करायचा, त्यांच्यापुढे एका रोग्याची हकीकत ठेवायची आणि त्यांनी आपसांत चर्चा करून निदानापर्यंत पोहोचायचे. शिक्षकाने त्यांच्यातच खुर्ची टाकून बसायचे आणि उत्तर सांगायचे नाही. मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही. चर्चा फारच भरकटली तर एखादा प्रश्न विचारायचा, एवढीच मुभा.

मी स्वतः पुण्यात शिकलो. आमचे प्राध्यापक वर्गात आले की आम्ही उभे राहत असू, आणि ते जे सांगत ते उतरवून घेत असू. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा होता. त्यामुळे ही नवी पद्धत मला सुरुवातीला चैनीची वाटली. ज्याला माहीत आहे त्याने गप्प बसायचे आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी बोलायचे, यात शहाणपण कोणते, हे मला कळत नव्हते. पण नेमणूक झाली होती. मी गप्प बसू लागलो.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून गाड्या उभ्या करण्याची जागा दिसे आणि बहुतेक वेळा पाऊस. कोपऱ्यात एक विजेची किटली, काही न जुळणारे कप आणि बिस्किटांचा डबा. खोलीतला हीटर एक तर पेटत नसे किंवा भाजून काढी. त्या खोलीची आठवण मला इतर कोणत्याही वॉर्डापेक्षा अधिक येते. याचे कारण मी फार शोधलेले नाही.

एका वर्षी माझ्या गटात एक मराठी मुलगी होती. तिचे वडील त्याच शहरात भूलतज्ज्ञ होते. मराठी मंडळींच्या गणपतीला आणि दिवाळीला आमची भेट होई. ती तिथेच वाढलेली, मराठी मोडके बोले आणि मला लहानपणापासून काका म्हणत असे. खोलीत मात्र डॉक्टर म्हणे, पण मी आत आलो की खुर्चीतून अर्धी उठे. बाकीची मुले हसत. एक उंच वेल्श मुलगा एकदा म्हणाला, “इंग्लंडची राणी आली की काय?” ती लाजून बसली.

ती हुशार होती. तिच्या लेखी उत्तरांत चूक सापडत नसे. गटात मात्र ती बोलत नसे. सत्राच्या अखेरीस दुसऱ्या विभागातला एक परीक्षक येऊन चर्चा ऐकत बसे. त्याच्यासमोर जो बोलणार नाही तो त्या भागात नापास, आणि नापास म्हणजे वर्ष मागे. हे तिला ठाऊक होते. मलाही होते. अर्धे सत्र गेले तरी तिच्या तोंडून वाक्य निघत नव्हते.

एके दिवशी एका निवृत्त खाणकामगाराची हकीकत चर्चेला होती. दम लागतो, खोकला येतो. वेल्श मुलाने फार विचार न करता सांगितले, “कोळशाची धूळ. माझ्या आजोबांना तेच होतं.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नियमाप्रमाणे निर्विकार. थोड्या वेळाने दुसऱ्यांनी फाटे फोडायला सुरुवात केली. ती मुलगी तेवढी हातातल्या पेनकडे बघत राहिली.

तास संपल्यावर मी तिला जिन्यात थांबवले.

“तुला काही सुचलं नाही?”

“सुचला होता, काका. माझा मत वेगळा होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तो म्हणाला धूळ, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटला, म्हणजे ते राइट आहे. डिस्कशन ओव्हर.”

“मी बोलायचंच नसतं. तो नियम आहे.”

“हो, आय नो. पण घरी बाबा गप्प बसले की विषय संपतो ना. मग आई पण बोलत नाही.”

आमच्या घरीही तसेच होते. वेल्श मुलांना माझे मौन म्हणजे मोकळे रान वाटे. तिला ते वडीलधाऱ्याची संमती वाटे, आणि त्यापुढे बोलण्याची सोय नव्हती. ज्या मौनावर ही सारी पद्धत उभी होती, तेच तिचे तोंड बंद करत होते. माझ्या मौनाला काही अर्थ नाही, हे मी तिला तिथेच बजावले. तिने मान डोलावली. माझ्यासारख्याने बजावल्यावर कोणीही डोलावली असती.

पुढच्या आठवड्यात तोच खाणकामगार चर्चेला उरला होता. चर्चा अडली, तेव्हा मी उठलो आणि किटली भरायला गेलो. ती लगेच उठली. “मी करते चहा.”

“बस,” मी म्हणालो.

एका ज्येष्ठ डॉक्टराने विद्यार्थ्यांसाठी चहा करावा हे तिला सहन होत नव्हते, हे दिसत होते. मी पाठ फिरवली आणि कप विसळत राहिलो. किटली गुरगुरू लागली. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.

“तो मुलीकडे राहायला गेला की बरा होतो, असं इथं लिहिलंय. धूळ फुप्फुसात असेल तर ती तिकडेही असणारच. त्याच्या घरी काय आहे?”

“बायको,” वेल्श मुलगा म्हणाला. सगळे हसले.

“बायकोशिवाय.”

कोणीतरी कागद उलटला. परसात शर्यतीची कबुतरे होती, आणि त्यांच्या पिसांच्या, विष्ठेच्या धुळीनेही असाच दम लागतो. मी चहा गरजेपेक्षा जास्त वेळ मुरू दिला. तो कडू झाला आणि तसे मुलांनी मला स्पष्ट सांगितले.

त्यानंतर चर्चा अडली की मी चहाला उठत असे. ती बोलू लागली, पण माझी पाठ फिरलेली असतानाच. मी परत येऊन बसलो की तिचा आवाज उतरे.

परीक्षकाचा दिवस आला. चर्चा दुसऱ्या इमारतीत ठेवली होती आणि तिथे किटली नव्हती. मी तिच्या समोरच बसलो होतो. हकीकत एका म्हातारीची होती, वारंवार पडणारी. बराच वेळ मुले बोलत होती, ती नाही. मग परीक्षकाने संकेत मोडला आणि मलाच विचारले, “तुमचं काय मत, डॉक्टर?”

टाळता आले असते. पण मला विचारले होते. मी खरे मत सांगितले: हृदयाच्या ठोक्यांची तपासणी आधी व्हावी. तिने माझ्याकडे पाहिले. आता तिचे वर्ष गेले, असे मला वाटले.

“मला हे पटत नाही,” ती म्हणाली. “झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यावर ती पडायला लागली. आधी गोळ्या बघायला हव्यात. हृदय नंतर.”

“दोन्ही का नाही?” वेल्श मुलगा म्हणाला.

“कारण गोळी आजच बंद करता येते.”

तो तिच्याशी भांडू लागला, तीही त्याच्याशी. माझ्याकडे पुन्हा कोणी पाहिले नाही. परीक्षकाने जाताना माझ्या कानाशी सांगितले की ती उत्तीर्ण आहे.

बाहेर ती थांबली होती.

“काका, राग नाही ना आला?”

“आला असता तर?”

“तर काय. बोलून तर झाला होता.”

मग ती बाकीच्यांबरोबर कॅन्टीनकडे निघाली. म्हातारीच्या गोळ्यांवरून त्यांचे अजून चालूच होते. आवाज जिन्यातून खाली उतरत गेले. मी वरच उभा राहिलो, ते ऐकू येईनासे होईपर्यंत.