हार, शाल आणि फांद्या चिरणारं मशीन

मी मशीनचा स्विच बंद केला आणि सुरू झालेल्या टाळ्या अर्धवटच थांबल्या.

आमचे डायरेक्टरसाहेब हातात आसोपालवाची, म्हणजे अशोकाची फांदी घेऊन उभे होते. गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारा झेंडूचा हार, खांद्यावर शाल, कपाळाला कुंकू. हेड ऑफिसातून खास उद्घाटनाला आले होते. शेजारी आमचे अ‍ॅडमिन मॅनेजर पटेलसाहेब. मी भर मांडवातून नवरदेवाचा घोडा पळवून नेल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

“बेन, आ शुं कर्युं?” ते दातओठ खात म्हणाले.

“हार आणि शाल उतरवल्याशिवाय फांदी घालता येणार नाही, साहेब.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्याबाहेर पादरा गावाच्या रस्त्यावर आमची केमिकल फॅक्टरी आणि तिची कॉलनी. मी तिथे हॉर्टिकल्चर ऑफिसर, म्हणजे सोप्या भाषेत माळ्यांची मास्तरीण. छाटलेल्या फांद्या आम्ही कोपऱ्यात जाळायचो. धूर क्वार्टर्समध्ये शिरायचा आणि तिथल्या बायका फोनवर मला फैलावर घ्यायच्या. पुढे परदेशी माल सहज मिळायला लागला आणि कंपनीने पेट्रोलवर चालणारं हे चिपर-श्रेडर मागवलं. बाजूच्या नळकांड्यातून जाड फांदी घालायची, वरच्या मोठ्या तोंडातून पाला. आत पाती लावलेली एक जड चकती गरागरा फिरते. मनगटाएवढी फांदी आत गेली की दुसऱ्या बाजूने तिचा भुगा बाहेर. तो आम्ही गुलाबांच्या मुळाशी पसरायचो.

मशीन फार गुणी, पण ते फांदी स्वतःच आत ओढून घेतं. डहाळीत शालीचं टोक अडकलं तर शाल जाते, आणि शालीमागून माणूस. म्हणून अंगावर सैल कपडा नको, गळ्यात लोंबतं काही नको, डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे, आणि काय वाट्टेल ते झालं तरी हात आत घालायचा नाही.

पटेलसाहेबांनी पाहुण्यांच्या खुर्च्या नेमक्या भुगा उडतो त्या तोंडासमोर मांडल्या होत्या. का, तर फोटो चांगला येतो. त्या मी सकाळीच हलवल्या. पूजेला माझी ना नव्हती. बंद मशीनला कुंकू लावा, नारळ फोडा, खुशाल. पण सत्कार उरकल्या उरकल्या साहेबांना तसंच सजवलेलं मशीनपाशी आणून उभं करतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पटेलसाहेबांनी हात वर केला आणि रावजीभाई माळ्याने दोरी ओढून इंजिन चालू केलं. म्हणून मला ते बंद करावं लागलं.

मागे सगळे माळी रांगेने उभे होते, आणि माझी खरी पंचाईत तीच होती. गळ्यातले गमछे काढा म्हणून मी त्यांच्या मागे लागून थकले होते. “बेन, कंई नहीं थाय,” काही होत नाही, म्हणून ते हसायचे. आज साहेबांनी हार घालून फांदी घातली, तर उद्यापासून माझं कोण ऐकणार? आणि एखाद्याचा हात गेला, तर त्याच्या बायकोला मी कुठल्या तोंडाने भेटणार?

“पाहुण्याला घातलेला हार आपणच काढायला सांगायचा?” पटेलसाहेब कुजबुजले. “अपशकुन आहे तो. एक फांदी, एक फोटो, संपलं.”

माझं डोकं सटकलं. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात, मराठी वस्तीत वाढलेली. कुजबुजणं आम्हाला जमत नाही.

“अपशकुनाचं मला नका सांगू, साहेब. मी सकाळी मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवून आलेय. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोललेल्या नाहीत. नवरा एकदम ठणठणीत आहे, मघाशीच फोन करून विचारलं. हा हार तर बाजारातला आहे.”

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. गेली नोकरी, असं मला खरंच वाटलं.

डायरेक्टरसाहेबांनी फांदी खाली ठेवली. हार काढला, शाल काढली आणि सगळं पटेलसाहेबांच्या हातांत दिलं.

“और क्या निकालना है?” त्यांनी मला विचारलं.

“घड्याळ, साहेब. आणि हा चष्मा लावा.”

कानांत बोळे घालण्याआधी मी त्यांना समजावलं: बाजूला उभं राहायचं, बुंध्याचं टोक आधी घालायचं, मशीनने फांदी धरली की सोडून द्यायची. मग मशीन पुन्हा सुरू केलं. एका फांदीवर भागायचं होतं, पण साहेब थांबेचनात. फांद्या संपल्या तसे पाल्याकडे वळले. आदल्या रात्री पाऊस झालेला. ओला पाला आत तुंबला आणि इंजिन घरघरायला लागलं. काय झालं ते बघायला पटेलसाहेब पुढे आले. हार-शाल एका हातात, टाय लोंबतोय, आणि वरच्या तोंडात डोकावायला ते वाकले.

मी स्विचकडे धावले. तोवर डायरेक्टरसाहेबांनी त्यांना मागून कॉलरला धरून खेचलंसुद्धा.

“पटेल, टाय,” इंजिन थांबल्यावर ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “अब निकालें पत्ता?”

“नाही साहेब. इंजिन बंद झालं तरी चकती फिरत राहते. ती थांबेपर्यंत थांबायचं.”

कंपनीची सगळी बडी मंडळी निमूटपणे चकती थांबण्याची वाट बघत उभी राहिली. मग मी स्पार्क प्लगची वायर काढली, म्हणजे मशीन चुकूनही सुरू होऊ नये, आणि काठीने पाला मोकळा केला.

पटेलसाहेब त्या दिवशी माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. सासूबाई मात्र संध्याकाळी बोलल्या, आणि भरपूर बोलल्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर भिंतीवरच्या खिळ्यांना माळ्यांचे गमछे टांगलेले. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या खिळ्यावर एक टाय होता, आणि बाहेर पटेलसाहेब मशीनचा चष्मा लावून फांदी घालायच्या आपल्या पाळीची वाट बघत उभे होते.

तेव्हापासून कुठलाही नियम मी आधी सगळ्यात मोठ्या साहेबांना सांगते. खालच्यांना तो सांगावा लागत नाही.