पेटीवरचं स्वस्तिक

नातीच्या नव्याकोऱ्या अल्बमवर मी हळदीचं स्वस्तिक काढलं, हा गाढवपणा आधीच कबूल करते. तेव्हा मी जेमतेम सत्तर वर्षांची होते, म्हणजे अक्कल अजून यायची होती.

तिच्या लाडक्या परदेशी बँडमधली पाच पोरं वेगळी झाली होती. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा हा शेवटचा अल्बम पांढऱ्याशुभ्र पेटीतून आला. आमच्या शिंप्याच्या घरात शिलाई मशीन असो की मिक्सर, नवी वस्तू आधी विठोबापुढे जाते, तिला हळदकुंकू लागतं. मी तेच केलं. सुनेनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो आई! दोन महिने वाट बघितली तिनं. अशी पेटी आता पुन्हा मिळायची नाही."

नात हूटगळ्ळीच्या कॉलेजातून पाचच्या बसनं येणार होती. मी साबणाचा ओला बोळा घेऊन बसले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलेलं. पण घाबरल्यावर मलाच आठवेना. स्वस्तिक फिसकटून लालभडक झालं, वरचा कागदही सोलला. फाटक वाजलं तेव्हा पेटी माझ्या पदराखाली होती.

नातीनं ती ओढून घेतली. डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अज्जी, स्वस्तिक असलेली पेटी जगात माझ्या एकटीचीच असती ग. साबण कशाला लावलास?"