माठावरचे झाकण

चैत्रात माझी मुलगी सुमन मारली गेली. आषाढात डॉक्टरांनी जावयाला वेडाचा दाखला दिला. काल तो त्या दाखल्यावर निर्दोष ठरला. यास जबाबदार तिघे: दाखला देणारे डॉक्टर, तो न तपासणारे सरकारी वकील, आणि ‘जरा सांभाळून घे’ म्हणत लेकीला परत सासरी पाठवणारा मी.

निकालाआधी न्यायालयाच्या व्हरांड्यात मी माठातले पाणी घेतले. पोलिसांसोबत बाकावर बसलेला जावई म्हणाला, “बाबा, झाकण ठेवा. माशा बसतात.” मग उठून त्यानेच ते नीट बसवले.

आजचे भान हा त्या दिवशीच्या भानाचा पुरावा नव्हे, एवढा कायदा मला कळतो. खऱ्या आजाऱ्याला शिक्षा नसावी, हेही मान्य आहे. माझी बहीण त्याच आजारात गेली. तिचे वेड कुणाच्याही सोयीचे नव्हते.

पण पंचनाम्यात एक ओळ आहे: ओट्यावरचे दूध झाकलेले होते आणि झाकणावर रक्ताळलेल्या बोटांचे ठसे होते. ते आरोपीचेच, असे ठसेतज्ज्ञांच्या अहवालात आहे. त्याने ते सवयीने झाकले की पूर्ण शुद्धीत, हे मला ठाऊक नाही. ते कुणी विचारलेच नाही.

आता घरी दुधावर झाकण ठेवताना माझा हात थांबतो.

सरकारी वकिलांनी जाहीर उत्तर द्यावे: ती ओळ आपण न्यायालयात का वाचली नाहीत? माझ्या वाट्याचे उत्तर मी वर लिहिले आहे.