धुळीतली बांधी

आमची सौंदडची शाळा तपासायला आलेल्या त्या साहेबांचं नाव मला कधीच कळलं नाही. त्यांनी विचारलं, "अर्धा अधिक एक तृतीयांश?" मी वरचे वर, खालचे खाली मिळवून म्हणालो, "दोन पंचमांश." मास्तरांनी छडी उचलली. साहेबांनी ती काढून घेतली. मी डोळे मिटून हात पुढे केला.

"अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसं होईल?" म्हणत ते उकिडवे बसले. छडीच्या टोकानं त्यांनी धुळीत धानाची बांधी, म्हणजे भातशेताचा चौकोनी तुकडा, काढली. आत बांधांच्या रेघा मारल्या: एक धुरा उभा, दोन आडवे. सारखे सहा तुकडे.

"अर्धी बांधी म्हणजे?"

"तीन तुकडे जी."

"आणि तिसरा हिस्सा?"

"दोन. मंग पाच झाले जी, सहातले पाच!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी बुटानं बांधी पुसली आणि जाताना छडी मास्तरांना परत दिली.

दुसऱ्या दिवशी वजाबाकी होती, आणि मास्तरांच्या हातात छडी.