बबनची मुलाखत घ्यायची कशी?

आमच्या बँडची गाणी एकूण चौदा. त्यातली नऊ आम्हालाही नीट येत नव्हती. किस्से मात्र कोणी न मागता साचत गेले, आणि त्यातले निम्मे एकट्या बबनचे. उरलेल्या निम्म्यांतही तो होताच, फक्त काही बोलला नाही!

ही गोष्ट सत्तरच्या दशकातल्या नागपूरची. बँडचं नाव 'द ब्लॅक ऑरेंजेस'. बबन गायचा आणि गिटार वाजवायचा, फ्रान्सिस ड्रमवर, मी बेसवर. बेस वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे मला सगळं निवांत बघायला मिळालं.

दिवसा बबन कोराडीच्या वीज केंद्रात क्लार्क होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, केस तेल लावून चापून बसवलेले, नजर स्वतःच्या चपलांवर. बसमध्ये "थांबवा" म्हणायचं धाडस होत नसे, म्हणून दुसरं कोणी उतरेल तिथे उतरायचा आणि उरलेला रस्ता चालायचा. हाच माणूस संध्याकाळी स्टेजवर चढला, की पहिल्या रांगेतली वयस्कर मंडळी आपापल्या खुर्च्या उचलून सहाव्या रांगेत जायची. मी चेष्टा करत नाही, खरंच उचलून न्यायची.

*

पहिली मुलाखत घ्यायला एका वर्तमानपत्राचे वार्ताहर आले. भेट ठरली हॉटेलात.

"संगीताची प्रेरणा कुठून मिळाली?" त्यांनी विचारलं.

बबन लाल झाला. माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "त्यायले समोसा विचार."

मी विचारला. त्यांनी खाल्ला.

"विदर्भात रॉक संगीताचं भवितव्य काय?"

बबन पुन्हा कानाशी. "अजून एक विचार."

अशा सहा प्रश्नांना सहा समोसे झाले. सातवा प्रश्न वार्ताहरांनी स्वतःच वहीतून खोडला. त्यांच्याच्याने आता होणार नव्हतं! दोन दिवसांनी बातमी आली. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. मथळा होता, 'तरुण गायकाचे हृद्य आतिथ्य'.

*

कन्हानला कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात मांडवाचा फ्यूज उडाला आणि सगळं ठप्प. मागून कोणीतरी ओरडलं, "काय करून राहिले बे ते कोराडीवाले?"

बबन स्टेजवर होता, म्हणजे बोलायची सोय होती. माइक बंद, तरी याचा आवाज पार नदीपर्यंत गेला असेल. "मीच हावो कोराडीवाला! कोनाले काय म्हनायचं हाय, समोर या!"

लोक रांग लावून आले! कोणाचा खांब वाकडा, कोणाचं मीटर उलटं फिरतं. बबनने कमरेवर हात ठेवून एकेकाला धीर दिला. "करून देतो! उद्याच करून देतो!" टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या आम्हाला गाण्यांना कधी पडल्या नाहीत, आणि मला ते तेव्हाही थोडं लागलंच.

दुसऱ्या दिवशी त्यातले एक काका खरंच कोराडीला पोचले. मी नेमका बबनचा डबा द्यायला गेलो होतो.

"काल स्टेजवर तुम्हीच होते ना गा?" काकांनी विचारलं.

बबनने नकारार्थी मान हलवली आणि बोट माझ्याकडे केलं.

त्या खांबाच्या पायी मी पुढे तीन अर्ज लिहिले. वीज केंद्राशी माझा संबंध तो एक डबा!

*

मग रेडिओचं बोलावणं आलं. मुलाखत थेट प्रक्षेपित होणार होती. निवेदिका बाई अनुभवी, त्यांनी भल्याभल्यांना बोलतं केलेलं.

"बबनराव, लहानपणापासून गाता का?"

बबनने मान हलवली.

बाईंनी काचेपलीकडे पाहिलं. तिकडून खूण आली, चालू ठेवा. रेडिओवर शांतता चालत नाही.

"श्रोतेहो," बाई म्हणाल्या, "बबनरावांनी मान हलवली आहे. होकारार्थी." पुढचा प्रश्न. "आता डावीकडून उजवीकडे. म्हणजे नाही. थांबा... हसले. किंचित. आता त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आहे... आणि परत ठेवला आहे."

पंधरा मिनिटं बाईंनी क्रिकेटची कॉमेंट्री केली. आम्ही बाहेर येऊन बबनच्या घरी गेलो, तर त्याची आई दारातच उभी. डोळे भरलेले.

"काय सुंदर मान हलवली वं माह्या पोरानं!" ती शेजारणीला सांगत होती. "समदं स्पष्ट आयकू आलं!"

*

तिसरी मुलाखत कुसुमने घेतली. ती कॉलेजच्या मासिकाची संपादक. कडक मुलगी. अकरा प्रश्न लिहून आणले होते. बबन तिच्यासमोर तासभर बसला आणि तेवढ्यात त्याने टेबलावरच्या रेघा मोजल्या असाव्यात. समोसासुद्धा विचारला नाही, त्यावरूनच मला शंका आली.

कुसुम खोटं लिहिणाऱ्यातली नव्हती. तिने अकरा प्रश्न छापले आणि प्रत्येकाखाली दोन रिकाम्या ओळी सोडल्या. कॉलेजभर पोरांनी त्या मनाला येईल तशा भरल्या. वाचनालयाच्या प्रतीत 'आवडता पदार्थ' याखाली 'प्राचार्यांचे डोके' असं होतं.

एक प्रत बबनकडेही होती. ती तो गिटारच्या पेटीत, तारांच्या खाली लपवून ठेवायचा. तो चहा आणायला गेला तेव्हा मी उघडून पाहिली. त्याने सगळ्या जागा भरल्या होत्या. शिक्षण कुठवर झाले? कुसुम. आवडता पदार्थ? कुसुम. भारतीय संगीतावर पाश्चात्त्य प्रभाव किती असावा? कुसुम!

मी हसलो नाही. खरं सांगतो, मला भडभडून आलं. ती प्रत मी उचलली आणि थेट कुसुमला नेऊन दिली. मैत्रीत एवढी चोरी चालते.

चार दिवसांनी प्रत परत आली. लाल शाईने तपासलेली. खाली शेरा होता, 'उत्तरे त्रोटक. रविवारी सकाळी घरी येऊन बाबांना सविस्तर सांगावे.'

*

कुसुमचे बाबा रेल्वेत गार्ड होते. अजनीला क्वार्टर. रविवारी आम्ही दोघं गेलो, जयभीम झाला, पोहे आले. बबनचा घाम शर्टातून टाईपर्यंत पोचला होता.

"मी फिरवून बोलत नाही," गार्डसाहेब म्हणाले. "पारशिवनीच्या मास्तरांचं स्थळ आलं हाय. मानूस चांगला हाय, बोलका हाय. कुसुम नाही म्हनते, तुमचं नाव घेते. मले एकच विचारायचं हाय. माह्या पोरीले तुम्ही कसं ठेवसान?"

बबनने चपलांकडे पाहिलं. चपला बाहेर काढलेल्या, म्हणून मग पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"तो म्हणतो की..." मी सुरू केलं.

"तुम्ही नाही," गार्डसाहेब म्हणाले. "पोरगी तुमच्या घरी चालली का? त्यायच्या तोंडून पायजे."

बबनचे ओठ हलले. आवाज नाही. पोहे गार झाले. आतल्या दारात कुसुम उभी होती, तिने पदर मुठीत धरला होता. गार्डसाहेबांनी घड्याळ पाहिलं, नाकातून श्वास सोडला आणि म्हणाले, "मंग राहू द्या. पारशिवनीले चिठ्ठी टाकतो."

बबनच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

तेवढ्यात कुसुम बाहेर आली आणि वडिलांच्या कानात काहीतरी बोलली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ज्या तखतावर बसले होते त्यावरून उठले, उशी आणि पेपर बाजूला केला, भिंतीशी जाऊन छताचा पंखा बंद केला.

"चढा," ते बबनला म्हणाले.

बबन तखतावर चढला. टाय सैल करून वरचं बटण उघडलं. केस मोकळे केले. पाय फाकवून उभा राहिला, आणि हात वर करून असा ओरडला की शोकेसमधल्या बश्या वाजल्या.

"जीव लावीन! मरेपर्यंत जीव लावीन! स्वयंपाक शिकून राहिलो, वरन जमते, पोया अजून गोल होत नाही, पन होतीन! तिले कॉलेजात शिकवायचं हाय तं शिकवू द्या! भांडली तं मी आयकून घेईन! कुसुम, तू फक्त हो म्हन!"

आतून कुसुमची आई झारा घेऊन धावत आली. कुसुम हो म्हणाली की नाही, कोणालाच ऐकू आलं नाही.

भिंतीपलीकडच्या क्वार्टरमधून शेजाऱ्यांचा आवाज आला.

"वन्स मोअर!"

गार्डसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग वर बबनकडे.

"द्या," ते म्हणाले.